दंडावर चढलेले डाग

आई, नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या बांगडीवाल्या चाचांचा काही दोष नव्हता. गौरी-गणपतीच्या आधी तू त्यांच्याकडे हिरव्या बांगड्या भरल्यास आणि दुसऱ्या दिवशी मनगटाभोवती काळेनिळे डाग उठले, तेव्हा मी तरातरा पूल ओलांडून त्यांच्याशी भांडायला गेले होते. मी हात दाबला नाही बेटी, असं ते सांगत राहिले. मी कुठली ऐकतेय. तेव्हा माझी जीभ तुझ्यापेक्षा तिखट होती. आठवड्याभरात डाग दंडावर चढले, जिथे बांगडी जातच नाही. तरी आपण हळदीचा लेप लावत बसलो आणि त्या म्हाताऱ्याला नावं ठेवत राहिलो.

आपली खोली रोह्यात, रसायनांच्या कंपन्यांच्या भिंतीला लागून. मला अजून दिसतं, तू भाकरी थापते आहेस, वारा फिरतो आणि ती गोडसर, डोकं जड करणारी हवा आत येते. तू परातीवर फडकं टाकतेस. पीठ झाकायचं आपल्याला सुचलं, नाक झाकायचं नाही. तू वडखळजवळच्या मिठागरावर वाढलेली. पहिल्या वर्षी तुला त्या वासाने ओकाऱ्या व्हायच्या; पुढे तूच शेजारणींना सांगायला लागलीस की वास येतोय म्हणजे कंपनी चालू हाय. वास दोन दिवस आला नाही तर सगळ्या चाळीचा जीव खालीवर व्हायचा, आणि बाबांचा सर्वांत जास्त.

पेणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथे रक्ताचा कॅन्सर निघाला. कागद भरणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कारखान्यांजवळ किती वर्षं राहता? अशा हवेत वर्षानुवर्षं राहिलं तर या आजाराचा धोका वाढतो. एकाच माणसाबद्दल ठाम सांगता येत नाही, पण लिहून ठेवायला हवं, असं त्या म्हणाल्या. आपल्याला त्या खोलीत बारा वर्षं झाली होती.

मी म्हटलं, "आत्ताच आलोय. वर्षसुद्धा झालं नसेल."

तू खाटेवरून ऐकत होतीस. त्या गेल्यावर माझा हात धरून म्हणालीस, "बरा केलंस गो. तुझ्या बापाची नोकरी हाय तिथं." दिवाळीआधीच गेलीस.

मी अजून त्याच वस्तीत आहे. वास पूर्वीइतका येत नाही, की मलाच कळत नाही, कोण जाणे. माझी लेक इथेच जन्मली, इथेच वाढली. महिनाभर तिचा ताप हटत नाही. काल पेणहून रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी पुन्हा मुंबईची चिठ्ठी दिली. मला भीती वाटते, आई. उद्या तिथे कुणी तरी कागद भरायला बसेल आणि तोच प्रश्न विचारेल. या वेळी मी खरं सांगणार आहे.

पण एक गोष्ट तुला अजून सांगितलेली नाही. तू समजलीस तसं नव्हतं. त्या दिवशी बाबांची नोकरी माझ्या डोक्यातही आली नाही. कंपनीतल्या एका मुलाशी माझं लग्न जमत आलं होतं. हवेचं नाव निघालं तर तू मला त्या वस्तीत द्यायला नको म्हणशील, एवढीच मला भीती होती.