माफीची मिठाई

मिनेगिशीसाहेब,

शाळांच्या बेसबॉल स्पर्धेत सेमीफायनलच्या शेवटच्या चेंडूवर माझा कानाता पहिल्या बेसकडे पोटावर घसरत गेला आणि तुम्ही अंपायर म्हणून त्याला आउट दिलंत. शाळा हरली. पोरगा ढसाढसा रडला, रिवाजाप्रमाणे वाकून तुमचे आभार मानून घरी आला आणि पोटभर भात जेवला. "आई, मीच कमी पळालो गं," एवढंच म्हणाला.

मग गेल्या रविवारी तुम्ही मिठाईचा डबा घेऊन आमच्या दारात उभे! कमरेत वाकून त्याला म्हणालात, "व्हिडिओ पाहिला. तू सेफ होतास, आउट नव्हतास. चूक माझी झाली."

कुणी सांगितलं होतं हो तुम्हाला? तोवर तो नुसता हरला होता. हरलेलं पोर जेवतं, झोपतं, पुन्हा बॅट उचलतं. आता त्याचं हक्काचं हिसकावलं गेलंय, आणि हिसकावणारा इतका भला की त्याच्यावर चिडताही येत नाही. तेव्हापासून खोलीचं दार बंद आहे. दाराशी ठेवलेलं ताट तसंच उचलते मी.

या आणि सांगा त्याला, की तो आउटच होता. खोटं बोला. पाया पडते तुमच्या.

पण हे पत्र टाकू कशी? वाचून तुम्ही पुन्हा माफीच मागायला याल.

कानाताची आई,
फुसाए