चिखलदऱ्याला बाबांना नेलं

१३ डिसेंबर १९८१, रविवार

क्लबाच्या यादीत आज चार नावं लिहून टाकली. ऑफिसच्या रिक्रिएशन क्लबाने यंदा नवीनच टूम काढली आहे. नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब चिखलदऱ्याला जायचं आणि तंबूत राहायचं. तंबू म्हणजे साधा नव्हे, आत लोखंडी पलंग, गादी, सतरंजी, आरसा, सकाळी गरम पाण्याची बादली. दोर धरून कडा उतरणं, किल्ला चढणं, तलावात नाव. शालिनी म्हणाली, ‘‘आपण दोघं, सुजाता, मग चौथं कोण?’’ म्हटलं, बाबा.

तिला आवडलं. आमच्या घरात लग्न, मयत आणि दीक्षाभूमी सोडून कोणी कुठे गेल्याचं ऐकिवात नाही. हिंडायचं म्हणून हिंडणं ही पहिलीच वेळ. आणि बाबांनी बावीस हिवाळे साहेबांचे तंबू ठोकले. दौऱ्यावरच्या साहेबाआधी बैलगाडीने पोचायचं, तंबू उभा करायचा, साहेब निघाला की उपटायचा. सरकारी खलाशी, खात्यात तंबूवाल्याला हेच म्हणतात. झोपायचं गाडीखाली. एकदा तरी त्यांनी तंबूत पलंगावर झोपावं, आणि ते माझ्या हातून व्हावं. लिहितानाही छाती जरा फुगली.

२० डिसेंबर, रविवार

धाकटा भाऊ उमरेडहून बाबांना सोडून गेला. खाणीत पाळी होती, जेवायलाही थांबला नाही.

बाबांसाठी बर्डीच्या बाजारातून लोकरीचा कोट आणला होता. त्यांनी दोन्ही हातांनी कापड चाचपलं. ‘‘लय भारी हाये गा,’’ म्हणाले, आणि घडी करून पिशवीत तळाशी ठेवून दिला. घालणार तोच खाकी, नोकरीतला. कोपरांना ठिगळं, बटणं तीन तऱ्हेची. ‘‘पहाडात हाच बरा. त्याले थंडी मालूम हाये.’’

मी दोनदा सांगून पाहिलं, नवा घाला. थंडीच्या काळजीने नव्हे. तो खाकी कोट क्लबाच्या लोकांना दिसू नये म्हणून. निदान इथे तरी खरं लिहितो.

सुजाता त्यांना चिकटून बसली होती. ‘‘आबाजी, तुम्ही तंबूत राहिलात?’’

‘‘राह्यलो नाही वं माय. उभे केले.’’

२४ डिसेंबर, गुरुवार

पोचलो. परतवाड्यानंतरच्या वळणांवर निम्मी बस आजारी. बाबा खिडकीशी ताठ. ‘‘आमची गाडी या चढाले दोन दिवस घे,’’ सुजाताला सांगत होते. इतकं बोलताना मी त्यांना आजवर ऐकलं नव्हतं. माझ्याशी तर नाहीच.

तंबू खरंच थाटाचे. दोन्हीकडे पलंग, मधे सतरंजी, मागे न्हाणीची कनात. शालिनीने गादीवर हात दाबून पाहिला आणि लाजल्यासारखी हसली. बाबा आत आलेच नाहीत. तंबूभोवती फिरून एकेक मेख पायाने दाबत होते.

‘‘हे कोनं गाडलं? मेख उभी ठोकते काय कोनी? वारा सुटला का उपटनच.’’

‘‘बाबा, तुम्ही पाहुणे आहात. पलंगावर बसा.’’

‘‘बसतो ना. पह्यले दोर पाहू दे.’’

दोर पाहून झाल्यावर सतरंजीवर बसले. निजलेही तिथेच. म्हणे, पलंगावर पाठ अवघडते.

शेजारच्या तंबूत आमचे ई.ई. साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, आणि बाईसाहेब. माझा गोपनीय अहवाल यांच्याच हातचा. मार्चमध्ये बढतीची यादी. त्यांचा तंबू शेजारी मिळाला याचा मला आनंद झाला होता, हेही लिहून ठेवतो.

२५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळ फार चांगली गेली. सकाळचंच आधी लिहितो.

दोरावरून कडा उतरायचा होता. तीस फूट असेल, मला तीनशे वाटला. शिकवणारा एक निवृत्त हवालदार. मी ‘गुडघा दुखतो’ म्हणून बाजूला झालो. सुजाता तयार. बाबा पुढे झाले, तिच्या कमरेची गाठ बोटांनी ओढून पाहिली, हवालदाराला म्हणाले, ‘‘अजून एक पेच द्या जी.’’ हवालदाराने पाहिलं, मान डोलावली आणि दिला. पोरगी हसत हसत उतरली. बाजूच्या पायवाटेने खाली जाऊन बाबांनी तिला जवळ घेतलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. नंतर दोघं पठारावर हिंडत राहिले. इथे साहेबाचे घोडे बांधत, इथे स्वयंपाकाची राहुटी, असं दाखवत. ती खडे गोळा करत होती.

दुपारनंतर वारा सुटला. ठेकेदाराची माणसं सामान आणायला परतवाड्याला गेलेली. तंबू फडफडायला लागले. मी ई.ई. साहेबांच्या बरोबर खुर्च्या टाकून बसलो होतो, कालव्याच्या कामाबद्दल बोलत. बाबा आमच्या तंबूच्या मेखा तिरप्या करून ठोकत होते. अंगात तो खाकी कोट, डोक्याला फडकं, हातात कुठूनशी मिळवलेली मोगरी.

बाईसाहेब आल्या. चांगली बाई आहे, मुद्दाम काही बोलणारी नाही. म्हणाल्या, ‘‘अहो, तुमचा माणूस फार कामाचा दिसतो. आमचा तंबू उडायला आलाय. जरा पाठवता का त्याला?’’

मी म्हणालो, ‘‘पाठवतो.’’

एवढंच. जीभ अडखळली असती तरी बरं झालं असतं. नाही अडखळली.

उठलो. बाबांपासून दहा पावलांवर थांबलो. दिवसातून वीस वेळा बाबा म्हणतो मी. म्हणालो, ‘‘अहो, जरा साहेबांच्या तंबूचं बघता का?’’

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या खुर्च्यांकडे पाहिलं.

‘‘हो जी,’’ म्हणाले.

मला. स्वतःच्या पोराला, हो जी. आणि मोगरी घेऊन गेले. सुजाता बॅडमिंटनची रॅकेट धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं.

त्यांनी ई.ई. साहेबांचा तंबू बांधला, मग पलीकडचे दोन. बाईसाहेबांनी त्यांना तंबूच्या मागच्या बाजूला चहा दिला, मग्यात, आणि केकचा तुकडा. सुजाता माझ्याजवळ आली. ‘‘पप्पा, आबाजी तिकडे मातीत बसून चहा काहून पिऊन राहिले?’’ ती गेली, त्यांच्याशेजारी मातीत बसली, त्यांच्याच मग्यातून प्यायली. बाईसाहेब कौतुकाने म्हणाल्या, ‘‘तुमच्या मुलीला त्याचा फारच लळा आहे हो.’’

मी हसलो. हे सुद्धा लिहितो. हसलो.

२६ डिसेंबर, शनिवार

सुजाताने आईला सांगितलं. शालिनीने मला न्हाणीच्या कनातीमागे बोलावलं.

‘‘खरं आहे?’’

‘‘हो.’’

‘‘मग आत्ता जाऊन सांगा.’’

‘‘आता कसं सांगू? काल का नाही सांगितलं म्हणतील.’’

‘‘तुम्ही नाही तर मी सांगते.’’

मी हात जोडले. अक्षरशः. मार्चपर्यंत थांब म्हणालो. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही.

मी कोण, कुठल्या समाजाचा, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. ते मी कधी लपवलं नाही. पाठीमागे काय बोलतात तेही ठाऊक आहे, ‘कोट्यातला इंजिनिअर’. त्यात बाप तंबू ठोकणारा, हे एवढं पुढ्यात नको होतं. जन्मभर ताठ मानेने वागल्याचा मला अभिमान होता. एका बाईने साधी मदत मागितली आणि मान गेली.

सगळे तलावावर नावेत बसायला गेले. बाबा म्हणाले, ‘‘तुमी जा. मी तंबूपाशी हाये.’’ मी आग्रह केला नाही, कारण नावेत साहेबही होते.

परत आलो तर कँपभर बायकामुलांची एकच हाक. ‘‘बाबा, आमची दोरी.’’ ‘‘बाबा, जरा पाणी.’’ म्हाताऱ्या नोकराला म्हणतात तसं बाबा. अख्खा कँप त्यांना बाबा म्हणतो आहे, आणि मला लोकांसमोर म्हणता येत नाही.

संध्याकाळी तंबूत एकटे सापडले. दोराचा पीळ तपासत होते. मी म्हणालो, ‘‘बाबा, काल ते—’’

‘‘दव पडलं का दोर आखडते,’’ ते म्हणाले. ‘‘संध्याकाळी ढिला करा लागते, नाही तं मेख उपटते. इथल्या पोट्ट्याइले हेच मालूम नाही.’’ आणि ढिला करायला बाहेर गेले.

२७ डिसेंबर, रविवार

परत. निघताना ग्रुप फोटो. बाईसाहेब म्हणाल्या, ‘‘बाबांनाही घ्या बरं का, किती राबले!’’ बाबांना खाली, एका टोकाला बसवलं. सुजाता माझ्या पुढ्यातून उठली आणि जाऊन त्यांच्या मांडीवर बसली. फोटोग्राफर म्हणाला, बेबी, तुझ्या जागेवर जा. ती हलली नाही. नऊ वर्षांची आहे ती.

नवा कोट पिशवीत तळाशी तसाच. पलंगावर ते एकदाही झोपले नाहीत.

नागपूरला उतरलो तर घरी यायलाच तयार नाहीत. ‘‘उमरेडची गाडी लागली हाये. हिनंच जातो.’’ शालिनी त्यांच्या पाया पडली, भर स्टँडवर, साहेबांच्या टॅक्सीसमोर. साहेब सामान मोजत होते, त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सुटलो असतो असं वाटलं. स्वतः सांगायचं नाही, दुसऱ्या कोणी सांगावं, असा माझा सगळा कारभार.

३० डिसेंबर, बुधवार

आज फाइल घेऊन ई.ई. साहेबांच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी तुमच्या त्या माणसाला नक्की आणा हं.’’

मी म्हणालो, ‘‘साहेब, ते माझे वडील आहेत.’’

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग कानापर्यंत लाल झाले. ‘‘अहो, मग बोलला का नाहीत? हिला कळलं तर फार वाईट वाटेल हो. छे छे. एकदा घरी घेऊन या त्यांना, जेवायला.’’ आणि मग फाइलवर सही केली, कालव्याचं विचारलं.

झालं. दोन मिनिटंही लागली नाहीत. आभाळ कोसळलं नाही, साहेबांचा आवाजही चढला नाही. एवढ्या दोन मिनिटांसाठी मी बापाला मातीत बसवलं. साहेब ओरडले असते, काही वाकडं बोलले असते, तर मला निदान म्हणता आलं असतं की भीती खरी होती.

शालिनीला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मला काय सांगता? उमरेडला जाऊन सांगा.’’

१० जानेवारी १९८२, रविवार

मागच्या रविवारी जायचं ते टाळलं. आज गेलो, एकटाच. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. बाबा, माझं चुकलं. बाबा, साहेबांना मी सांगितलं. कुठलं आधी म्हणायचं ते ठरेना.

बाबा ओट्यावर बसले होते. अंगात नवा लोकरीचा कोट, दुपारच्या उन्हात. जवळ शेजारचे विणकर काका आणि आणखी एक म्हातारे. मला पाहून काका उठलेच. ‘‘जयभीम साहेब! या या. तुमचीच गोष्ट चालू हाये. दहा खेप ऐकली, तरी पुरी होऊन नाही राहिली.’’

कुठली गोष्ट, विचारलं.

‘‘चिखलदऱ्याची ना जी! तुमी म्हणे मोठ्या साहेबाच्या खुर्चीपाशी बाबाले नेऊन उभं केलं. सगळ्याइच्या देखत सांगतलं, हा माहा बाप हाये, यानं तंबू ठोकू ठोकू मले शिकवलं. साहेब म्हणे उठून उभा राह्यला. बाई पाया पडली. लेक असावा तं असा.’’

मी बाबांकडे पाहिलं. ते ओट्याच्या कडेचा पोपडा नखाने काढत होते.

‘‘पलंगाचं सांग याइले,’’ ते म्हणाले. वर न पाहता. ‘‘मी सांगतलं तं खोटं वाटते याइले. चार रात्री पलंगावर झोपलो म्हणतो.’’

तीन रात्री होत्या. मी म्हणालो, ‘‘हो. लोखंडी पलंग. वर जाड गादी.’’

‘‘पाहा,’’ बाबा काकांना म्हणाले.

मग मी सगळंच सांगितलं. गादी, आरसा, गरम पाण्याची बादली, बाबांना त्यावर कशी गाढ झोप लागायची ते. म्हातारे मान डोलवत होते. बाबा ऐकत होते, जणू त्यांनाही ते नवीनच होतं.

धाकट्याच्या बायकोने चहा आणला. एकटं बोलायला मिळेल म्हणून वाट पाहिली. काका उठायला लागले की बाबा त्यांचा हात धरून बसवायचे. स्टँडवर पोचवायला निघाले तेव्हाही त्यांना बरोबर घेतलं. मला कळलं ते काय करत आहेत. बोलू द्यायचं नाही. माफी मागितली की ती मागायचं कारणही सांगावं लागेल, आणि काकांना ऐकवलेलं सगळं खोटं पडेल.

हे माझी लाज झाकायला की स्वतःची? विचारायची हिंमत झाली नाही. की रागावले आहेत म्हणून हे असं? त्यांचा राग मी कधी पाहिलेलाच नाही, मग ओळखणार कसा?

गाडी लागली. मी म्हणालो, ‘‘बाबा, साहेबांना मी नंतर—’’

‘‘सुजीले उन्हाळ्यात पाठवजो,’’ ते म्हणाले. ‘‘गाठी शिकवतो तिले.’’ काकांना म्हणाले, ‘‘चाल गा, ऊन कलून राह्यलं.’’

घरी आल्यावर शालिनीने दारातच विचारलं, ‘‘मागितली माफी?’’

कशाची मागणार होतो? उमरेडमध्ये तसं काही घडलेलंच नाही. बाबांनी घडू दिलेलं नाही. तिथे माझं नाव फार चांगलं आहे.