पंच म्हणून केलेली सही

आबा, आज तुमच्या लेकीनं एका खोट्या साहेबाला फोनवर शिव्या घातल्या. अहिराणीत घातल्या, म्हणजे बघा किती पेटले असेन.

दुपारी साडीवर टिकल्या चिकटवत बसले होते, तेव्हा फोन आला. आवाज जड, बोलणं हिंदीत. म्हणे एका केसमध्ये मी पंचनाम्याची पंच, म्हणजे साक्षीदार आहे, दोनदा समन्स काढलं, मी हजर राहिले नाही, आता वॉरंट निघालंय. "दंड अभी भरो, नहीं तो शाम तक तुम्हारे मोहल्ले में, लिंबायत में पुलिस आएगी. दरवाज़ा बंद करो, किसी को बताना मत." तुमच्या नातीची सोयरीक ठरत आलीय, आणि गल्लीदेखत मला जीपमध्ये घातलं तर ती मोडलीच म्हणायची. मी मुकाट्यानं कडी लावली.

पण पंच तर आपल्या घरात तुम्ही होता. कामाची पाळी सुटल्यावर चहाच्या हातगाडीवर हवालदारानं पंचनाम्याचा कागद पुढं केला आणि तुम्ही न वाचता सही ठोकलीत. लूमवरचे सगळेच तशी करायचे, पोलिसाशी वाद कशाला म्हणून. पुढं कितीतरी वर्षांनी समन्स आलं. मला आत्ताही दिसतंय, पोलीस दारात उभा आहे, कागदावर कोर्टाचा शिक्का आहे आणि तुम्ही सही करून आपली प्रत घेताय. कोर्टात वकिलानं विचारलं, काय पाहिलं? तुम्ही म्हणालात, "चहा पाहिला, साहेब. सही माझी आहे, बाकी काही पाहिलं नाही." जजसाहेब भर कोर्टात झापत होते आणि तुम्ही मान खाली घालून उभे होता, पण शब्द फिरवला नाही. रात्री जेवताना हे सगळं सांगून मला म्हणालात, "वाचाबगर सही करू नको. आनि खरं बोलनं शे ते कोर्टले काबरं घाबरानं?"

खरं बोलायचं तर कोर्टाला भ्यायचं कशाला, हे आठवलं आणि माझं डोकंच फिरलं. कडी काढली, ओट्यावर आले आणि चार घरांना ऐकू जाईल असं ओरडले, "समन्स कागदावर आण, शिक्का दाखव! कोर्टात मी माझ्या पायानं येते. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही रे मेल्या, आणि दार लावून बस असंही सांगत नाही!" पुढचं लिहीत नाही, तुम्ही असता तर माझ्या थोबाडीत दिली असती. त्यानं फोन ठेवला. शेजारीण म्हणाली, तिच्या दिरालाही असाच फोन आला होता, त्यानं पैसे भरले आणि लाजेपोटी कुणाला बोलला नाही. मी म्हटलं, लाज कसली? मी तर सगळ्या गल्लीला सांगणार.

हे पत्र मात्र कुठं जायचं नाही, माझ्या लेकीलाही दाखवणार नाही. तुम्ही कोर्टात गेलात त्या दिवशी शाळेत मैत्रिणींनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, आबा गावी गेलेत. मला तुमची लाज वाटली होती, आबा.