गुढीचा पाला आणि शेणातल्या अळ्या

२२ मार्च १९७४, शुक्रवार
आलं: शेण चार बुट्ट्या, शेजारच्या ताजबीच्या म्हशीचं, फुकट. उकिरड्यातल्या अळ्या डबाभर, फुकट. कोंडा, १ रु. १० पै. (महाग. परत केला.)
महिला मंडळात शेतीचे साहेब सांगून गेले, शेण खाणाऱ्या अळ्यांना जोडीला कोंडा, पाला दिला तर खत महिन्यात तयार. मी मॅट्रिक. आठवड्यात करून दाखवीन. गडहिंग्लजच्या वन्संना पोतंभर कबूल केलंय. त्यांच्या दारातला मोगरा मामंजींच्या हातचा. मामंजी गेल्यावर वन्संना वडिलांची तेवढीच खूण. यंदा सुकत चाललाय.

२५ मार्च
काल पाडवा. गुढीचा कडुलिंब पायदळी नको, म्हणून शेण-अळ्यांच्या खड्ड्यात घातला. गल्लीतल्या बाकी गुढ्यांचाही मागून आणला. कोंड्याचे पैसे वाचले, वर पुण्य. उरलेला पाला वर्षाच्या गव्हात घातला. कीड लागत नाही.

२७ मार्च
अळ्या सुस्त. कडूने रक्त शुद्ध होत असणार. आणखी पाला घातला.

२८ मार्च, सकाळी
ताजबी भिंतीवरून ओरडली, "ओ वैनी, तुमचं किडं आमच्या चुलीपातूर आल्यात की! पावणं म्हणून च्या पाजू व्हय त्यास्नी?" म्हटलं, तब्येत सुधारली, म्हणून हिंडायला लागल्यात.

२९ मार्च, शुक्रवार
खड्डा उकरला. राहिलेल्या सगळ्या मेलेल्या. यांनी विचारलं, गव्हात पाला कशाला घातलास? म्हटलं, किडे मरावेत म्हणून. "आणि खड्ड्यात?" मी भाकरी थापत राहिले.
एवढी हत्या! अंबाबाई, पदरात घे. प्रायश्चित्त म्हणून उपास. शुक्रवारचा असतोच, त्यातच धरला. (भाकरी यांच्यासाठी.)

३१ मार्च
वन्संचा गडी पिराजी दारात. रिकामा कसा पाठवू? खाली कच्चं शेण, वर थोडं जुनं खत, पोतं शिवून दिलं. खोटं बोलले नाही. त्याने विचारलंच नाही.

३ एप्रिल
हे जेवताना सहज म्हणाले, कच्च्या शेणाने मुळं जळतात. हातातला घास ताटात ठेवला. अन्न टाकू नये, म्हणून संपवलं. चव कळली नाही.

४ एप्रिल
वन्संना कार्ड टाकलं. खाडाखोड झाली, दुसरं घेतलं नाही. लिहिलं ते असं:
वन्संना नमस्कार. पोत्यात खत नाही, कच्चं शेण आहे. अळ्या माझ्या हातून मेल्या, आणि सांगायची लाज वाटली. मोगऱ्याला घालू नका. घातलं असेल तर आधी उकरून काढा, भरपूर पाणी द्या. मला काय बोलायचं ते बोला, पण मोगरा कसा आहे तेवढं उलट टपाली कळवा.