पप्पांचे सहा खाडे

भोसरी,
२ डिसेंबर २०२४

ती. सुभद्राआत्यास,
हर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू स्वतःच रचतेस, म्हणून हे पत्र. माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे. चुका निघतील, हसू नकोस.

कॉलेजात मी एक भारी प्रोजेक्ट घेतलाय. खराब हवेमुळे लोकांचं किती नुकसान होतं, ते पैशात मांडायचं. मोठमोठ्या शहरांचे कोटींचे आकडे रिपोर्टमध्ये असतात, पण मला आपल्या बिल्डिंगचा आकडा हवाय. म्हणून चौदा खोल्या फिरले. खोकल्यामुळे कामाला किती खाडे पडले, औषधांना किती गेले, असं विचारत. दिवाळीपासून सकाळी समोरची पाण्याची टाकीसुद्धा धुरकट दिसते, नाक पुसलं की रुमाल काळा होतो. त्यामुळे लोक भरभरून बोलले. कस्तुराकाकूंनी तर औषधांच्या बिलांची पिशवीच माझ्या मांडीवर ओतली.

सगळ्यात कमी नुकसान आपल्याच घरात निघालं. पप्पा खोकतात, पण खाडा शून्य. रोज सातला डबा घेऊन बाहेर. नोव्हेंबरचा पगारही पूर्ण. उलट त्यांच्याच वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनवर असलेले आपले शेजारी, बिरूकाका आणि गोरक्षकाका, यांना कमी पैसे मिळाले. तिथं नगावर पगार असतो. शिफ्ट सुटताना ज्याने जेवढे नग काढले, तेवढे त्याच्या नावापुढे फळ्यावर खडूने लिहायचे. मालक फक्त फळा बघतो. मी बिरूकाकांना मास्कवर दहा मिनिटं लेक्चर दिलं. म्हटलं, पप्पांकडून शिका जरा. ते चहा पीत नुसते हसले.

तुझ्या गुडघ्यांना माझा वेगळा नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
हर्षाली


चासच्या पुढची वाडी,
९ डिसेंबर

चि. हर्षालीस,
आत्याचा पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीच्या पायाचं हाय, पण दोनदा वाचलं. गुडघे हायेत तसेच. म्हशीला पारडी झाली.

तुझ्या बापाचा, सोनबाचा खोकला आता कसा हाय? गेल्या महिन्यात सहा येळा हितं आला. नऊच्या बसनं उतरतो, गोठ्यामागं बाज टाकतो आन् दुपारपातूर निजतो. पयल्या दिवशी तर रस्त्यावरनं घरापातूर येताना तीनदा बसला. डाक्तर म्हणला म्हणं, थंडी सरस्तोवर जमंल तेवढं त्या धुरातून बाहेर ऱ्हा. त्यांच्या शॉपचं शटर ट्रकच्या रस्त्यावरच उघडतं म्हणं. मी भाकर वाढली तर खात न्हाई. तुझ्या आईचा डबाच संपवतो, रिकामा गेला पायजे म्हणतो. कामाचं इचारलं, तर म्हणला, तिथं माझी माणसं हायेत.

तुला ठाऊक आसंलच म्हणून लिवलं. ठाऊक नसंल तर माझ्यावर डाफरू नको. कुणाला सांगू नको असं तो म्हणला आसंल, तर मला ऐकू आलं न्हाई.

बापाशी भांडू नको. पत्राला उशीर करू नको, वाट बघती.

तुझी आत्या,
सुभद्रा


भोसरी,
२२ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
हर्षालीचा वाकून नमस्कार.

मला काहीच ठाऊक नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि तशीच बिरूकाकांच्या दारात गेले. आधी ते म्हणाले, आत्याला वयामुळे भास होतात. पत्र दाखवल्यावर खाली बसले. त्या सहा दिवसांत त्यांनी आणि गोरक्षकाकांनी आपले निम्मे नग पप्पांच्या नावापुढे लिहिले होते. आणि मी त्याच माणसाला लेक्चर देऊन आले होते. मला रडूच आलं. मी म्हटलं, तुमचे पैसे मी ट्युशन घेऊन फेडते. त्यावर ते म्हणाले, त्यांच्या बायकोच्या बाळंतपणात पप्पांचे किती नग त्यांच्या नावावर गेले ते शोधायला बसलीस, तर तुझ्या डिग्रीची वर्षं त्यातच संपतील.

पप्पांना पत्र दिलं. त्यांनी ते वाचून नीट घडी घातली. मग म्हणाले, ताईचे कान गेले, पण पेन शाबूत आहे. खाडे दिसले असते तर मी कॉलेज सोडून नोकरी धरली असती, ही त्यांची भीती होती. खोटं कशाला बोलू, धरली असती. आई म्हणाली, नवऱ्याचा श्वास गेल्यावर डिग्री काय भिंतीला लावायची आहे का.

सोमवारी पप्पांनी स्वतः मालकांना सगळं सांगितलं. आम्हाला वाटलं, तिघांची नोकरी जाणार. मालक चिडले, पण फळ्यावरून नाही. आधी का नाही सांगितलं म्हणून. आता पप्पा मागच्या बंद खोलीत तयार माल तपासायला बसतात. पगार तीन हजारांनी कमी झालाय. त्यातले दोन मी नुकत्याच धरलेल्या ट्युशनमधून निघतील. दार उघडलं की धूर तिथेही येतोच, पण रात्रीची झोप लागायला लागलीय.

प्रोजेक्टमध्ये आपल्या घरापुढचं शून्य खोडून सहा लिहिलं. नुकसान कोणी सोसलं, असा नवीन कॉलम काढला आणि दोन नावं टाकली. मॅडम म्हणाल्या, असा कॉलम रिपोर्टमध्ये नसतो. मी म्हटलं, म्हणूनच त्यांचे आकडे कमी येतात. त्यांनी तो राहू दिला.

पप्पा बिरूकाकांचे आभार मानायला गेले होते. त्यांनी दारातूनच बजावलं, तो शब्द काढलास तर जेवायला वाढणार नाही. मग पप्पा गप्प बसून जेवून आले.

काल भाजी घेऊन आम्ही दोघं जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर पप्पा थांबले. एरवी अशा वेळी ते चप्पल नीट करतात, नाहीतर फोन बघतात. काल म्हणाले, थांब हर्षू, दम लागलाय. मी पिशवी ठेवली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. वरून कोणीतरी उतरलं, तरी पप्पा उठले नाहीत.

तू लिहिलंस म्हणून हे झालं. तुझा हात असाच आमच्या डोक्यावर असू दे.

तुझीच,
हर्षाली