पंचेचाळीस की अडतीस?

पोटो, ओक्लाहोमा
३ मार्च १९९७

ती. हॉइटदादास,
व्हर्लीनचा सा. न. वि. वि.

इकडे पीचला कळ्या आल्यात आणि माझे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात. पण दीड महिना झाला, मी एकही पियानो सुरात लावलेला नाही. जानेवारीत एका चर्चच्या अंगणात माझी वाट अडवून एका माणसाने अवजारांची पिशवी हिसकावली, तेव्हापासून रिकामं अंगण दिसलं की पाय गाडीतून खाली उतरत नाहीत. मुलं म्हणतात, पुरे झालं, आता घरी बस. घरी बसून काय करू, भिंतींना सूर लावू?

पिस्तूल जवळ बाळगायचा परवाना आता मिळतो, म्हणून वर्गात नाव घातलंय. पण ते किती जाडीच्या गोळीचं घ्यावं, यावर गावात एकमत होईल तर शपथ. हार्डवेअरवाला म्हणतो इंचाचे चाळीस शतांश, पाद्रीबाबा म्हणतात अडतीस. केस कापणारा तर कात्री थांबवून नऊ मिलिमीटरवर प्रवचन देत बसला, माझं अर्धं डोकं तसंच ठेवून! तू सांगशील ते घेईन.

नडीनवहिनीला मिठी. माया आहेच, चार ओळीही येऊ देत.

तुझी धाकटी,
व्हर्लीन

टॅलिहिना
९ मार्च

चि. व्हर्लीन हिस अनेक आशीर्वाद.

यात विचारायचं काय? पंचेचाळीस! बाबांकडे तेच होतं, माझ्याकडेही तेच. नऊ मिलिमीटर चिमण्या हुसकायला ठीक, आणि अडतीस पाद्रीबाबालाच शोभेल. तुझी शोधाशोध नको म्हणून माझंच पाठवतोय. आपला शेजारी ड्वेन शनिवारी गुरांच्या बाजाराला तिकडे येतोय, त्याच्या हातून घे.

नडीन म्हणते, आधी बाईच्या हातात बसतंय का ते तरी बघा. तिचं मनावर घेऊ नकोस, तिला माझ्या कॉफीतसुद्धा खोट दिसते.

पोरांना सांग, मामा म्हणाला आईला घरी बसवायचं नाही.

तुझा दादा,
हॉइट

पोटो
२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी सांगते, रागावू नकोस. वर्गात तुझ्या पंचेचाळीसची पहिली गोळी माझ्या नेमाच्या कागदाला लागली, दुसरी शेजारच्या बाईच्या. तिने आभार मानले, तिचे गुण वाढले म्हणून! पर्समध्ये ठेवलं तर चर्चच्या जेवणात पट्टा तुटून पर्स माझ्याच पायावर पडली. कमरेला लावलं तर स्कर्ट खाली यायला लागला. शेवटी ते पिठाच्या डब्यात गेलं.

आणि मागच्या आठवड्यात मंगळवारी विस्टरला पियानो लावायला निघाले, तेव्हा ते डब्यातच होतं. तिथल्या अंगणात वीस मिनिटं गाडीत बसले आणि परत आले. घरी येऊन रडले, दादा. तुला नाही सांगणार तर कोणाला?

मग वर्ग घेणाऱ्या ऑट्वेसाहेबांनी, ते पूर्वी पोलिसात, डेप्युटी शेरीफ होते, पिकअपच्या फाळक्यावर पाच पिस्तुलं मांडली. सात पावलांवर जेवणाची कागदी थाळी लावली. म्हणाले, जाडी विसरा. ज्याच्या पाचही गोळ्या थाळीत बसतील आणि जे तुम्ही रोज अंगावर वागवाल, ते तुमचं. अडतीसच्या पाचही बसल्या. लहानसं आहे, स्कर्टच्या खिशात मावतं. तेच घेतलं.

तुझं पुसून ठेवलंय. अबोला धरू नकोस.

तुझी,
व्हर्लीन

टॅलिहिना
६ एप्रिल

चि. व्हर्लीन हिस अनेक आशीर्वाद.

मी कसला अबोला धरतो! ऐक, आणि न्हाव्याकडच्या मंडळींना सांगितलंस तर बघ. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेलाय. गेल्या हिवाळ्यापासून गोळी चढवायला पंचेचाळीसचा वरचा भाग मला मागे ओढताच येत नाही. बाबांचंच ते. कपाटात पडून राहण्यापेक्षा आपल्यातल्या कोणाच्या तरी अंगावर असावं, असं वाटलं. तुझ्या हाताचा विचारच केला नाही. चुकलंच माझं.

आणि रोज डगल्याच्या खिशात काय असतं? नडीनचं अडतीस. हस आता पोटभर. ती तर तेव्हापासून हसतेय.

अंगणातून परत आल्याचं वाचून मात्र झोप लागली नाही. बुधवारी मी तिकडे येऊ का? गाडीत बसून राहीन, तोंड उघडणार नाही.

दादा

पोटो
११ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण धावत आली. तिला काही सांगितलं नाही.

बुधवारी तुझी वाट पाहिली नाही, माफ कर. एकटीच गेले, आणि थेट पिशवी हिसकावली होती त्याच चर्चला. ऑट्वेसाहेबांनी शिकवल्याप्रमाणे आधी चारी बाजू नीट पाहिल्या, मग उतरले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण पियानोचं झाकण उघडलं आणि आतल्या तारांची दशा पाहून मला असा राग आला की तीन तास खिशात काय आहे याची आठवणच झाली नाही.

घरी आल्यावर मुलांना फोन करून कळवलं: मंगळवारी विस्टर, गुरुवारी हेवनर, शुक्रवारी दोन शाळा. घरी बसायला तुमच्या आईला वेळ नाही.

अंगठा शेकत जा. तुझ्या मायेची मला अजून तेवढीच गरज आहे.

तुझी धाकटी,
व्हर्लीन