ऑफसेटची किल्ली

बाबा, आज पुन्हा तुमच्यावर संशय घ्यायला बसलो आहे. कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर, कागद मांडीवर घेऊन.

पन्नासच्या दशकात चंद्रपूरला चांदा म्हणत. आरागिरणीच्या वर्कशॉपात आपण दोघं लोखंड कातायच्या एकाच यंत्रावर, लेथवर, तुम्ही सकाळी, मी दुपारी. जंगलातलं सागवान चिरून चिरून आऱ्यांचे शाफ्ट, म्हणजे आरे फिरवणारे लोखंडी दांडे झिजत, ते आपण नवे करायचो. हँडलच्या चकतीवर तुमची खडूची खूण असे. हँडल तिथवर फिरवलं की माप बरोबर. घरी निघताना ती खूण तुम्ही फडक्यानं पुसायचात. दुसऱ्यांपासून लपवत असाल, असं मला वाटे. एकदा मात्र ती तशीच राहिली. तुम्ही ती माझ्यासाठी ठेवली असं वाटून मी हरखलो. लोखंड कापणारं टूल बोथट झालं होतं, नवं लावलं, खुणेपर्यंत हँडल फिरवलं, आणि शाफ्ट बारीक होऊन वाया गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "माह्या खुणेवर काऊन गेला? तुले कोनं सांगतलं होतं?" सगळे हसले. तुम्ही मुद्दाम खोटी खूण ठेवलीत, हा संशय मी तुमच्या चितेपर्यंत नेला आणि तसाच परत आणला.

आता माझ्यापुढे कॉम्प्युटरवर चालणारा लेथ आहे. त्याच्या मेमरीत कप्पे आहेत. कामाची मापं एका कप्प्यात, तो प्रोग्राम. कोणतं टूल किती पुढे येतं ते दुसऱ्यात, तो ऑफसेट. टूल बदललं की फक्त दुसरा कप्पा बदलायचा. हे शिकलो त्या दिवशी मला तो वाया गेलेला शाफ्ट आठवला. तुमची खूण खरी होती, पण तुमच्या झिजलेल्या टूलपुरती; माझं नवं टूल जास्त पुढे आलं, म्हणून जास्त कापलं गेलं. दोन्ही कप्पे तुम्ही एका खडूच्या रेघेत ठेवले होते. मग टूल बदललं की खूण बदलते, एवढं एक वाक्य मला सांगितलं का नाही? तिथे माझा संशय अजून हलत नाही. आणि ही नवी मेमरी तरी बॅटरीवर जगते, ती उतरली की सगळं पुसलं. तिच्यातले आकडे बदलायला मशीनवरचं एक कुलूप उघडावं लागतं; कुणी आकडे बिघडवू नयेत म्हणून त्याची किल्ली मी कुणाच्या हाती देत नाही.

आत्ताच माझा मुलगा येऊन गेला. दुसऱ्या पाळीला माझंच मशीन तो चालवतो.

"बाबा, किल्ली कुठी हाये? टूल बदललं, ऑफसेट टाकाचा हाये."

"सापडून नाई राह्यली. मशीन बंद ठेव, उद्या मी पाहीन."

तो माझ्या खिशाकडे बघत जरा थांबला, मग कारखान्यात परत गेला. बाबा, किल्ली त्याच खिशात आहे.